गडद बेज भिंतींचे घर: दोन वर्षांच्या वापरानंतरचे परीक्षण

पुण्यातील आमच्या चौथ्या मजल्यावरील सदनिकेच्या आतील भिंतींना दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे 25 ऑक्टोबर 2023 रोजी, रंग लावायला सुरुवात झाली आणि दिवाळीच्या दोन दिवस आधी ते काम संपले. निवडलेला रंग गडद बेज होता. वरच्या श्रेणीतील ॲक्रिलिक इमल्शन, मॅट फिनिश, यंत्रावर मिसळून दिलेली छटा. पुढील परीक्षण त्या रंगाचे आहे, आणि तो लावून देणाऱ्या कंत्राटदाराच्या सेवेचेही आहे. रंग वाळल्याबरोबर लिहिलेल्या परीक्षणांवर माझा फारसा विश्वास नाही, कारण नवा रंग कोणत्याही घरात पंधरा दिवस चांगलाच दिसतो. दोन पावसाळे, दोन गणपती आणि एखादी पाहुण्यांनी भरलेली उन्हाळी सुट्टी गेल्याशिवाय भिंतीचा स्वभाव कळत नाही.

आधी रंगाबद्दल. बेज हा शब्द मूळ फ्रेंच असून न रंगवलेल्या, जशी मेंढीच्या अंगावरून उतरली तशा लोकरीचा रंग म्हणजे बेज. आपल्याकडे दुकानदार त्याला सरसकट बदामी किंवा बिस्किटी म्हणतात. आमची छटा मात्र त्याहून दोन पायऱ्या गडद होती. तरटाचा रंग म्हणता येईल, किंवा बेसन भाजताना खमंग वास सुटायला लागतो त्या क्षणी त्याचा जो रंग असतो तो. माझ्या आईने शेड कार्डावरचा तुकडा पाहून ‘हा तर खाकी’ असा निकाल दिला होता, आणि खाक म्हणजे माती हे लक्षात घेतले तर तिचे काही चुकले नव्हते. जुन्या वाड्यांतील रंगाऱ्याला हाच रंग सांगितला असता, तर त्याने चुन्यात पिवडी, चिमूटभर गेरू आणि नखभर काजळी घातली असती. आजचे टिंटिंग यंत्र तत्त्वतः तेच करते: टायटॅनियम डायऑक्साइडच्या पांढऱ्या बेसमध्ये पिवळा आयर्न ऑक्साइड, तांबडा आयर्न ऑक्साइड आणि थोडा काळा. या मातीच्या रंगांचा एक मोठा गुण असा की ते उन्हाने सहसा उडत नाहीत. हॉलच्या पश्चिमेकडील खिडकीशेजारची तसबीर मी गेल्या महिन्यात काढली, तेव्हा तिच्यामागचा चौकोन आणि भोवतालची भिंत यांत मला काडीचाही फरक दिसला नाही. याआधीच्या पिस्ता रंगाच्या भिंतीवर दर तसबिरीमागे गडद चौकोन उमटला होता.

निवडीच्या टप्प्यावर आम्ही जी चूक केली, ती सविस्तर सांगण्यासारखी आहे. शेड कार्डावरून तीन छटा निवडून त्यांचे 200 मिलिलिटरचे नमुना डबे आणले. कंत्राटदाराच्या माणसाने त्यांतील प्रत्येकाचा तळहाताएवढा पट्टा जुन्या पिस्ता भिंतीवर ओढून दिला. तिन्ही पट्टे गुलाबीसर दिसले. गुलाबी भिंती कोणालाच नको होत्या, म्हणून त्यांतल्या त्यात जो कमी गुलाबी वाटला तो आम्ही पक्का केला. सुदैवाने भिंतींवर प्रायमरचा पांढरा हात बसल्यावर तोच नमुना पुन्हा एकदा लावून पाहिला, आणि तो शेवाळलेल्या मातीसारखा हिरवट दिसला. कारण सरळ होते. हिरव्याच्या शेजारी ठेवलेला कोणताही उदासीन, म्हणजे करड्या-बेजसारखा बेताचा, रंग तांबूस भासतो. शेजारच्या रंगाचा विरुद्ध रंग डोळा स्वतःहून भरतो. पॅरिसच्या गोबेलँ या चित्रपडदे विणणाऱ्या कारखान्यात रंगाई विभागाचे प्रमुख असलेले रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल यांनी 1839 मध्ये हा नियम नीट मांडला होता. विणकरांची तक्रार होती की धाग्याचा काळा रंग फिका पडतो, आणि शेव्हरल यांच्या लक्षात आले की दोष रंगात नसून शेजारच्या धाग्यांत आहे. आमच्या बाबतीत पिस्ता भिंतीने तिन्ही नमुन्यांना खोटा गुलाबीपणा दिला होता आणि आम्ही त्या भासाला घाबरून सर्वांत हिरवट छटा निवडली होती.

दुसऱ्या फेरीत आम्ही पांढऱ्या ड्रॉइंग शीटवर प्रत्येक छटेचे दोन-दोन हात दिले, कडेला चार बोटे कागद कोरा सोडला, आणि ते कागद तीन दिवस खोल्याखोल्यांतून फिरवले. ओले असताना इमल्शन फिके दिसते आणि वाळल्यावर गडद होते, त्यामुळे किमान एक रात्र जाऊ देणे आवश्यक असते. कागद जमिनीलगत उभा करून पाहणेही तितकेच महत्त्वाचे ठरले. आमच्या हॉलमधील व्हिट्रिफाइड फरशी हस्तिदंती म्हणून विकली गेली असली तरी तिला गुलाबी झाक आहे, आणि तिच्याशेजारी पिवळसर बेज मळका दिसतो. शेवटी जी छटा निवडली ती पहिल्या दिवशी ‘फार गुलाबी’ म्हणून बाद केलेलीच होती. भिंतीवर ती गुलाबी दिसत नाही.

आता प्रकाशाविषयी, कारण गडद बेजचे सगळे यशापयश तिथेच ठरते. रंगकंपन्यांच्या जाड शेड बुकात प्रत्येक छटेपुढे एक आकडा छापलेला असतो, ज्याला एलआरव्ही म्हणतात. पडलेल्या प्रकाशापैकी शेकडा किती प्रकाश ती छटा परत फेकते, हे त्यावरून समजते. नेहमीचा फिका क्रीम रंग 75 च्या आसपास असतो, तर आमची छटा 40 ची आहे. कागदावर हा फरक निम्म्याचा वाटतो, पण खोलीत प्रकाश एकाच भिंतीवर आपटून थांबत नाही. दोनदा आपटल्यावर क्रीम भिंती 100 पैकी 56 भाग प्रकाश शिल्लक ठेवतात, आमच्या भिंती फक्त 16. म्हणजे दिव्याखालचा उजेड फारसा बदलत नाही, कोपरे मात्र झपाट्याने काळोखतात. शिवाय प्रत्येक उसळीबरोबर प्रकाश थोडा थोडा बेज होत जातो, त्यामुळे चार भिंतींवर लावलेला रंग कार्डावरच्या तुकड्यापेक्षा नेहमीच अधिक दाट दिसतो. कार्डावर मनात भरलेल्या छटेपेक्षा एक पायरी फिकी छटा घ्यावी, हा जुन्या रंगाऱ्यांचा सल्ला यामुळेच खरा ठरतो. आम्ही तो ऐकला नाही.

हॉलमध्ये त्याचे काही बिघडले नाही. हॉल 17 फूट लांब, 11 फूट रुंद, पश्चिमेला मोठी खिडकी आणि गॅलरी. हिवाळ्यात दुपारी चारनंतर तिरपे ऊन आत येते तेव्हा या भिंती अक्षरशः तापलेल्या मातीसारख्या दिसतात, आणि सागवानी दार, पितळेची समई, आजोबांची शिसवी खुर्ची या वस्तू आपापल्या जागी बसल्यासारख्या वाटतात. पिस्ता भिंतीपुढे त्याच वस्तू अडगळीत ठेवल्यासारख्या दिसत असत. पांढऱ्या भिंतीवर पांढरी कड जशी हरवते तसे इथे होत नाही, त्यामुळे छताची पांढरी रेघ, खिडकीची चौकट, साधा कोऱ्या मांजरपाटाचा पडदा हे सर्व रेखीव दिसते. याच न्यायाने पांढरे स्विचबोर्ड, पांढरा एसी आणि इंटरनेटचा पांढरा डबाही रेखीव दिसतात, हे मात्र आधी कोणी सांगितले नव्हते. स्विचबोर्डांच्या पट्ट्या आम्ही नंतर करड्या घेतल्या. एसीचे काही करता आले नाही.

पावसाळ्यात हाच हॉल वेगळा होतो. जुलैमध्ये आठवडाभर ऊन पडत नाही, आकाशाचा प्रकाश निळसर करडा असतो, आणि भिंती सकाळी दहा वाजताही संध्याकाळ झाल्यासारख्या दिसतात. समोरच्या पर्जन्यवृक्षाचा हिरवा उजेड गॅलरीतून आत येतो आणि त्या बाजूची भिंत चार महिने किंचित हिरवी असते. मला ते आवडते. घरातील इतरांना आवडत नाही.

उत्तरेकडील झोपण्याच्या खोलीत आम्ही हीच छटा दिली, आणि ती चूक होती. तिथे थेट ऊन वर्षभर जवळजवळ येतच नाही, शेजारची इमारत वीस फुटांवर आहे, आणि पूर्वीची 6500 केल्विनची (हा आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर) एलईडी ट्यूब तशीच होती. त्या पांढऱ्याफटक उजेडात गडद बेज हा बेज राहत नाही; ओल्या सिमेंटचा रंग होतो. आपल्याकडे ‘स्वच्छ उजेड’ म्हणून घरोघरी हीच ट्यूब लावली जाते, आणि पांढऱ्या किंवा आकाशी भिंतींवर ती चालूनही जाते, पण या प्रकाशात पिवळा-तांबडा भाग कमी असतो आणि बेजचा सगळा ऊबदारपणा नेमका त्याच भागावर अवलंबून असतो. ट्यूब काढून 3000 केल्विनचे दोन दिवे लावल्यावर खोली राहण्याजोगी झाली, तरी दिवसा ती अजूनही उदास असते. दिवे घेताना खोक्यावर सीआरआय, म्हणजे वस्तूंचे रंग दिवा किती खरे दाखवतो हे सांगणारा आकडाही पाहावा. साध्या दिव्यांवर तो 80 असतो, 90 किंवा त्याहून अधिक असलेला दिवा थोडा महाग पडतो, पण मातकट रंगांत त्याचा फरक उघड दिसतो.

पांढरा प्रकाश कोणता मानायचा, या प्रश्नाने मोठमोठ्यांना चकवले आहे. 2002 साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील कार्ल ग्लेझब्रुक आणि इव्हान बाल्ड्री या खगोलशास्त्रज्ञांनी दोन लाखांहून अधिक दीर्घिकांचा प्रकाश एकत्र करून विश्वाचा सरासरी रंग काढला आणि तो फिकट हिरवा-निळा असल्याचे जाहीर केले. काही आठवड्यांनी त्यांना चूक दुरुस्त करावी लागली, कारण संगणक-प्रणालीत ‘पांढरा’ म्हणून धरलेला बिंदूच चुकीचा होता. दुरुस्तीनंतर विश्वाचा रंग निघाला फिकट बेज. आमच्या उत्तरेकडील खोलीत ट्यूबने केलेला घोळ याच जातीचा होता, फक्त तो दुरुस्त करायला आम्हाला तीन महिने लागले.

पॅसेजविषयी फार लिहिण्यासारखे नाही. तिथे खिडकी नाही आणि रुंदी साडेतीन फूट आहे. गडद बेज दिल्यावर तो बोळ झाला. सहा महिन्यांत आम्ही त्याला पुन्हा सायीच्या रंगाचे दोन हात दिले, आणि गडदावर फिका रंग चढवताना दोन हातांत काम भागत नाही, तिसरा द्यावा लागतो, हेही त्या निमित्ताने कळले.

कंत्राटदाराच्या कामाला मी मध्यम गुण देईन. भिंतींची पूर्वतयारी त्यांनी चांगली केली. पोपडे खरवडले, भेगा कापून भरल्या, लांबीचे (पुट्टीचे) दोन थर देऊन प्रत्येक थर घासला आणि बॅटरी भिंतीलगत तिरपी धरून उंचसखल भाग शोधले. मॅट फिनिशची शिफारसही त्यांचीच आणि ती योग्य होती. पंचवीस वर्षांच्या इमारतीतील प्लॅस्टर कधीच सपाट नसते, आणि चकाकी असलेला गडद रंग प्रत्येक फुगवटा दाखवतो. छताच्या कडेची रेघ त्यांच्या ज्येष्ठ रंगाऱ्याने मास्किंग टेप न लावता नुसत्या ब्रशने ओढली आणि ती सतरा फुटांत कुठेही हललेली नाही. अशी हाताची सफाई आता क्वचित पाहायला मिळते.

गडबड झाली ती रंगाच्या डब्यांत. हॉलच्या भिंती दारे-खिडक्या वजा जाता 420 चौरस फूट भरल्या. आमच्या इमल्शनने दोन हातांत लिटरमागे साधारण 120 चौरस फूट दिले, म्हणजे साडेतीन लिटर पुरेसे होते. कंत्राटदाराने चार लिटर आणले, त्यातला काही रंग बेडरूमच्या एका भिंतीसाठी वापरला, आणि हॉलच्या शेवटच्या भिंतीला कमी पडल्यावर पाच दिवसांनी दुसऱ्या दुकानातून एक लिटर आणला. शेड क्रमांक तोच होता. तरीही संध्याकाळच्या तिरप्या उन्हात ती भिंत इतरांपेक्षा किंचित पिवळी दिसली. त्यावर उपाय म्हणून एका तरुण कामगाराने हाताने स्टेनर (छटा बदलण्यासाठी मिसळायचा दाट रंग) घालून रंग ‘जुळवला’, आणि मग ती किंचित तांबूस दिसू लागली. दोन यंत्रांतील रंगद्रव्यांच्या थेंबांत सूक्ष्म फरक असू शकतो आणि पांढऱ्याच्या जवळच्या छटांमध्ये तो लपून जातो. गडद बेजमध्ये लपत नाही. पूर्ण खोलीला लागणारा रंग एकाच वेळी, एकाच दुकानातून घेऊन, सर्व डबे एका मोठ्या बादलीत एकत्र ढवळून मगच पहिला हात मारायला हवा होता. दोन दिवस वाद झाल्यावर कंत्राटदाराने स्वखर्चाने संपूर्ण रंग नव्याने मागवून त्या भिंतीला आणि तिला लागून असलेल्या भिंतीला पुन्हा हात दिला. दुरुस्ती केली याचे श्रेय त्यांना आहे. वाद घालावा लागला याचे नाही.

बिलाच्या बाबतीत एक सूचना करावीशी वाटते. ‘रंगासह चौरस फुटाचा दर’ ठरवताना तो दोन हातांचा की तीन हातांचा, हे लिहून घ्यावे. फिक्या भिंतीवर गडद बेज दोन हातांत झाकतो, त्यामुळे तिसऱ्या हाताचे पैसे मागितले गेले तर ते का, असे विचारण्याचा अधिकार आहे. डबे सीलबंद आणून आपल्यासमोर उघडावेत, आणि त्यांवरील शिशाविषयीची सूचना पाहावी. घरगुती रंगांत शिशाचे प्रमाण 90 पीपीएमपेक्षा (दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा) अधिक असू नये, हा नियम भारतात नोव्हेंबर 2017 पासून लागू आहे. बेजमधील पिवळा आयर्न ऑक्साइडचा, म्हणजे बिनशिशाचा, असल्याने यंत्रावर मिसळलेल्या डब्याची मला विशेष चिंता नाही, पण सुटा स्टेनर कोणत्या कंपनीचा आणि कशाचा आहे, हे आमच्या कामगाराला सांगता आले नव्हते.

दोन वर्षांच्या वापरात रंग कसा टिकला? धूळ दिसत नाही, ही त्याची सर्वांत मोठी सोय आहे. पंख्याच्या वाऱ्याने वरच्या कोपऱ्यांत जी काळपट झालर धरते ती क्रीम भिंतीवर वर्षभरात दिसू लागते. इथे अजून दिसत नाही. चहाचे शिंतोडे ओल्या फडक्याने निघाले. मारलेल्या डासांचे डागही बहुतेक निघाले. मात्र मॅट पृष्ठभाग घासला की त्या जागी चकाकी येते, आणि सोफ्याच्या पाठीमागे, डोके टेकते तिथे, भिंतीवर असा एक गुळगुळीत लांबट पट्टा तयार झाला आहे जो उन्हात स्पष्ट दिसतो. पांढरे ओरखडे हा दुसरा दोष. खुर्चीची पाठ, सूटकेसचा कोपरा, मुलांची पट्टी यांपैकी काहीही भिंतीला लागले की फिकी रेघ उमटते, जी पांढऱ्या भिंतीवर कधी उमटली असे कळलेही नसते. गणपतीच्या मखरामागची सजावट चिकटपट्टीने लावली होती, ती काढताना दोन ठिकाणी रंगासह लांबीचा पापुद्रा निघाला. यात रंगाचा दोष कमी आणि आमचा अधिक, पण आतून डोकावणारी पांढरी लांबी गडद बेजवर दुरूनही दिसते.

ओल असलेल्या भिंतीवर हा रंग देऊ नये, असे मी निःसंदिग्धपणे म्हणेन. न्हाणीघराला लागून असलेल्या भिंतीवर दुसऱ्या पावसाळ्यानंतर क्षारांची पांढरी बुरशीसारखी पूड फुटली. ओलावा भिंतीतील क्षार बाहेर आणतो आणि पाणी उडून गेल्यावर ते पृष्ठभागावर साठतात. हे कोणत्याही रंगाखाली होते, पण पांढऱ्या भिंतीवर ते हाताला लागेपर्यंत कळत नाही आणि इथे खोलीत पाऊल टाकताच दिसते. गळतीची बातमी लवकर मिळाली, असे माझ्या नवऱ्याचे म्हणणे आहे. त्याच्या या आशावादाला किती गुण द्यावेत हे मी अजून ठरवलेले नाही.

ज्यांच्या दिवाणखान्याला पश्चिमेचा किंवा दक्षिणेचा भरपूर प्रकाश आहे, घरात सागवान, वेत, पितळ, खादी अशा वस्तू आहेत आणि संध्याकाळी पिवळसर दिवे चालतात, त्यांनी गडद बेज जरूर घ्यावा. त्या खोलीपुरते मी या रंगाला पाचपैकी साडेचार गुण देते. उत्तरेच्या खोलीला दोन. पॅसेजला एकही नाही. कोटा फरशी असलेल्यांनी छटा ठरवण्यापूर्वी रंगवलेला कागद फरशीवर टेकवून अवश्य पाहावा, कारण फरशीच्या हिरवट करड्या रंगाशेजारी बेजमधील तांबूसपणा उठतो. आमच्या गॅलरीत ती फरशी आहे आणि तिथे हाच रंग इतका गुलाबी दिसला की ती भिंत आम्ही पांढरीच ठेवली.

उत्तरेकडील खोली आम्ही पुन्हा रंगवणार आहोत, याच कुळातील पण 65 एलआरव्हीच्या छटेत, आणि ती या वेळी नमुन्याच्या कागदावर पावसाळ्याच्या ढगाळ उजेडातच पारखून घेतली आहे. हॉलच्या रंगाचा अर्धा लिटर झाकण घट्ट बसवून, वर शेड क्रमांक आणि तारीख लिहून जपून ठेवला होता. गेल्या महिन्यात घड्याळाचा जुना खिळा काढल्यावर पडलेले भोक बुजवून त्यावर त्यातलाच वाटीभर रंग काळजीपूर्वक लावला. डबा तोच, छटा तीच, तरी दोन वर्षे हाताळलेल्या भिंतीवर ते ठिगळ नेमके ठिगळासारखेच दिसते. सध्या तिथे कॅलेंडर टांगलेले आहे.